उत्तम घड्याळ कशाला म्हणावं?

१८८६ सालच्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या प्रांतिक सरकारनं घड्याळांसाठी एक कायदा केला. शहराचं नाव तोवर इतकं गाजलं होतं, की जिनिव्हाशी काडीचाही संबंध नसलेली घड्याळं तबकडीवर त्या शहराचं नाव मिरवत बाजारात येत होती. खऱ्या कारागिरांचं नाव आणि पोट दोन्ही धोक्यात आलं होतं. सरकारनं ठरवलं, की जिनिव्हाच्या हद्दीत जुळवलेलं यंत्र मालकानं आणून दाखवायचं, तज्ज्ञांनी ते तपासायचं आणि कसाला उतरलं तर त्यावर शहराच्या मानचिन्हाचा, अर्धा गरुड आणि किल्ली यांचा, बारीक शिक्का मारायचा. तो शिक्का आज 'जिनिव्हा सील' म्हणून ओळखला जातो आणि सव्वाशेहून जास्त वर्षं महागड्या घड्याळांच्या दुनियेत मानाचा समजला जातो.

उंची घड्याळांच्या दर्जाचे निकष पाहायला बसलं, की पहिल्यांदा गोंधळ उडतो. एक संस्था फक्त वेळेचा अचूकपणा मोजते, दुसरी यंत्राच्या कडा किती सफाईनं घासल्या आहेत ते पाहते, तिसरी घड्याळ कुठल्या गावात बनलं ते तपासते. काही कंपन्या तर स्वतःची परीक्षा स्वतःच घेतात. या सगळ्यांना एका ओळीत उभं करून कोण श्रेष्ठ हे ठरवता येत नाही. मला यात एक धागा दिसतो. प्रत्येक निकष हे त्या-त्या काळातल्या एखाद्या भीतीला दिलेलं उत्तर आहे. जहाज भरकटण्याची भीती, नकली मालाची भीती, जपानची भीती, क्वार्ट्झची भीती, आणि अलीकडे खिशातल्या मोबाइलमधल्या चुंबकाची भीती. कुठला शिक्का कशापायी जन्मला हे कळलं, की तो काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प बसतो हेही कळतं.

सर्वांत जुना निकष अचूकपणाचा, आणि त्याचं मूळ समुद्रात आहे. जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे हे काढायला निघाल्या बंदराची वेळ बरोबर ठाऊक असावी लागते. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर एका रेखांशाची चूक होते; विषुववृत्तावर ती सुमारे १११ किलोमीटर भरते. ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोठं बक्षीस लावलं. मूळचा सुतार असलेल्या जॉन हॅरिसननं त्यापायी आयुष्य घालवलं आणि १७६१ मध्ये त्याचं एच-४ हे घड्याळ जमैकाच्या सफरीवर निघालं. घड्याळ अचूक आहे असं कारागिरानं म्हणून भागत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी, ठरलेल्या रीतीनं पडताळलं पाहिजे, हा विचार याच काळात पक्का झाला.

पुढे हे काम वेधशाळांनी उचललं. इंग्लंडात क्यू, फ्रान्समध्ये बेझांसों, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा आणि न्यूशातेल. ताऱ्यांवरून खरी वेळ त्यांच्याकडेच होती, म्हणून घड्याळांची परीक्षाही तिथेच व्हायची. न्यूशातेलच्या वेधशाळेत मनगटी घड्याळांची चाचणी तब्बल ४५ दिवस चाले: वेगवेगळ्या स्थितींत ठेवून, थंडीत आणि उष्णतेत. तिथल्या गुणांवरून कंपन्यांची दरवर्षी क्रमवारी लागे आणि ती वर्तमानपत्रांत छापून येई. या स्पर्धांसाठी कंपन्या खास यंत्रं राखून ठेवत. यंत्राची चाल बसवणारे त्यांचे उत्तमोत्तम तज्ज्ञ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, एकाच यंत्रावर काम करत. यातून विद्या वाढली यात शंका नाही. पण दुकानात मिळणारं घड्याळ हे नव्हतंच. वेधशाळेचे गुण कंपनीची ऐपत सांगायचे; ग्राहकाच्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल त्यांना फारसं बोलता येत नसे.

अचूकपणाच्या या शर्यतीत एक माणूस कायम विसरला जातो. घड्याळाचा जीव बॅलन्स चक्र आणि त्याची केसासारखी बारीक कमान, म्हणजे हेअरस्प्रिंग, यांत असतो. पोलादी कमान उन्हाळ्यात मऊ पडते आणि घड्याळ मागे जातं. चार्ल्स एदुआर गियोम या शास्त्रज्ञानं निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, की तापमान बदललं तरी त्यांची लांबी किंवा ताण जवळजवळ बदलत नाही. त्याला १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो जन्मला फ्लरिए या घड्याळांच्याच गावात. आज हजारो रुपयांच्या आणि कोटींच्या यांत्रिक घड्याळांत जी कमान असते, ती बहुतेक वेळा त्याच्याच संशोधनाच्या वंशातली असते.

१९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विखुरलेल्या चाचणी केंद्रांची मिळून एक संस्था झाली, सीओएससी. बिएन आणि ल लॉक्ल इथे तिच्या प्रयोगशाळा आहेत. 'क्रोनोमीटर' हा शब्द तबकडीवर लिहायचा तर स्वित्झर्लंडमध्ये तिचं प्रमाणपत्र लागतं. प्रत्येक यंत्राची परीक्षा १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत होते. दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत हवी. ही मुभा ऐकायला सैल वाटते. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. सेकंदाला आठ ठोके देणारं यंत्र चोवीस तासांत ६,९१,२०० ठोके देतं, तेही एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीच्या जोरावर. सहा सेकंदांची चूक म्हणजे एक शतांश टक्क्याहूनही कमी. हातानं जुळवलेल्या, तेलावर चालणाऱ्या, उन्हात-पावसात वावरणाऱ्या यंत्राकडून एवढं मिळतं, हे मला आजही थक्क करतं.

तरी सीओएससीची एक मर्यादा सरळ आहे. ती मुख्यतः सुटं यंत्र तपासते. ते यंत्र नंतर केसमध्ये बसतं, त्यावर काटे चढतात, मालकाच्या हातावर दिवसभर हिंदकळतं. त्या घड्याळाची हमी त्या प्रमाणपत्रात नसते. ही फट पुढच्या निकषांनी भरायला घेतली. रोलेक्सनं २०१५ पासून आपल्या घड्याळांना केसमध्ये बसवल्यानंतर दिवसाला उणे २ ते अधिक २ सेकंदांची हमी दिली. त्याच वर्षी ओमेगानं स्विस सरकारच्या मापनशास्त्र संस्थेला, मेटासला, सोबत घेऊन 'मास्टर क्रोनोमीटर' आणलं. इथे सीओएससी पास झालेलं घड्याळ पुन्हा परीक्षेला बसतं, १५,००० गॉस इतक्या जबर चुंबकीय क्षेत्रात ठेवलं जातं आणि दिवसाला शून्य ते अधिक ५ सेकंद याच मर्यादेत राहावं लागतं. घड्याळ मागे पडलेलं चालत नाही, हे मला फार पटतं. पुढे असलेल्या घड्याळामुळे गाडी चुकत नाही. चुंबकाची परीक्षा ही आपल्या दिवसांची गरज आहे. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं बक्कल, टॅब्लेटचं कव्हर यांतल्या चुंबकांनी हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकदम धावायला लागतं. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी घड्याळांचा आजार एवढाच असतो. मास्टर क्रोनोमीटरची आणखी एक गोष्ट चांगली, ती म्हणजे ते सर्वांना खुलं आहे. २०२१ पासून ट्यूडरही त्यात आहे.

आता जपान. सीकोनं १९६० मध्ये 'ग्रँड सीको' हे नाव काढलं ते सरळसरळ स्विस घड्याळांची बरोबरी करण्यासाठी. १९६४ पासून सीकोच्या कारखान्यांनी न्यूशातेलच्या स्पर्धेत यंत्रं पाठवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी निकाल फार मागचे आले. जपानी तज्ज्ञ परत गेले, चुका शोधल्या, पुन्हा पाठवली. १९६७ मध्ये त्यांचे दोन कारखाने कंपन्यांच्या क्रमवारीत दुसरे आणि तिसरे आले. त्यानंतर न्यूशातेलची स्पर्धाच थांबली. १९६८ मध्ये जिनिव्हाच्या वेधशाळेत यांत्रिक मनगटी घड्याळांमध्ये सीको सगळ्यांच्या पुढे होतं. दरम्यान १९६६ मध्ये ग्रँड सीकोनं स्वतःचा निकष लिहिला: दिवसाची सरासरी चूक उणे ३ ते अधिक ५ सेकंद. स्विस प्रमाणपत्राहून तो कडक होता. तो कंपनीनंच कंपनीसाठी लिहिला होता हे खरं, पण आकडे जाहीर होते आणि कुणीही घड्याळ लावून पडताळू शकत होतं. कंपनीनं स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर ती अशी उघड असावी.

आणि मग याच सीकोनं अचूकपणाचा सगळा खेळच उलथून टाकला. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत 'ॲस्ट्रॉन' विक्रीला आलं, जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. महिन्याला पाच सेकंद इतकीच चूक. त्याची किंमत त्या वेळच्या टोयोटा कोरोलाएवढी होती. पण काही वर्षांतच तेच तंत्र कवडीमोलानं मिळायला लागलं. वेधशाळांनी दोन शतकं ज्याच्यामागे धावणं चालवलं होतं, ते आता भाजीच्या बाजारात टोपलीत मिळत होतं. स्विस घड्याळ उद्योगातली माणसं १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती ३० हजारांच्या घरात आली. जूरा पर्वताच्या खोऱ्यांतली गावंच्या गावं ओस पडली. जुनी लेथ यंत्रं भंगारात गेली. हे सगळं जाताना हातांतलं कसबही जात होतं, आणि ते पुस्तकांतून परत मिळणार नव्हतं.

इथून पुढे उंची घड्याळांचा निकष हळूहळू अचूकपणावरून कारागिरीकडे सरकला. हे सरकणं काहींना पळवाट वाटतं: वेळ सांगण्यात हरले म्हणून सौंदर्यावर आले. मला तसं वाटत नाही. जिनिव्हा सीलच्या जुन्या अटींतच कडा घासलेल्या हव्यात, स्क्रूची डोकी पॉलिश केलेली आणि त्यांच्या खाचांच्या कडा उतरवलेल्या हव्यात, खड्यांची भोकं चमकवलेली हवीत, वाकवलेल्या तारेच्या स्प्रिंगा चालणार नाहीत, असं सगळं बारकाईनं लिहिलेलं होतं. कारागिरी हा निकष नवा नव्हता. अचूकपणाच्या सावलीत तो मागे राहिला होता एवढंच.

या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. यंत्रातल्या चक्रांना धरून ठेवणाऱ्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या पट्ट्यांना ब्रिज म्हणतात. ब्रिजची वरची कड ४५ अंशांत उतरवून आरशासारखी चमकवायची, याला 'आंगलाज' म्हणतात. बाहेरच्या गोलाकार कडा आता मशीनवर पुष्कळ चांगल्या निघतात. पण जिथे दोन कडा आत वळून एकमेकींना भेटतात, तो आतला काटकोन मशीनला जमत नाही. कारण कातणारं हत्यार गोल असतं आणि त्याचा गोलावा कोपऱ्यात उरतो. तिथे कानस हातात घ्यावी लागते. आधी बारीक कानस, मग त्याहून बारीक, मग घासदगड, आणि शेवटी जूराच्या डोंगरात उगवणाऱ्या जेन्शियन झुडपाच्या वाळलेल्या काटकीला हिऱ्याची पूड लावून चमक आणायची. दोन चमकत्या उतारांमधली रेघ कोपऱ्यात सुईच्या टोकासारखी मिळायला हवी. हात किंचित घसरला की कोपरा गोल होतो आणि पूर्ण ब्रिज पुन्हा करावा लागतो. एका ब्रिजवर कित्येक तास, कधी दिवस जातात. दुसरं कठीण काम काळ्या पॉलिशचं. पोलादाचा छोटासा भाग जस्ताच्या किंवा कथलाच्या पाट्यावर हिऱ्याच्या लेपात इतका सपाट घासायचा, की एका कोनातून तो लख्ख पांढरा दिसतो आणि किंचित कलला की काळाभोर. अर्धवट करड्या छटा दिसल्या तर काम अपुरं. भिंगाखाली हे पाहिलेल्या माणसाला चांगल्या आणि वाईट घड्याळातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

या कामाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत फिलिप द्युफूर यांचं नाव सर्वांत वर घ्यावं लागेल. व्हाले द जू या खोऱ्यातल्या ल सोलिआत नावाच्या खेड्यात, एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांची कार्यशाळा आहे. १९९२ मध्ये त्यांनी तास आणि पाव तास आपोआप वाजवणारं 'ग्रांद सोनरी' मनगटी घड्याळ केलं, आणि २००० मध्ये 'सिम्प्लिसिटी' आणलं. नावाप्रमाणेच त्यात काही नाही: तास, मिनिटं आणि छोटा सेकंद काटा. एवढ्या साध्या घड्याळात लपायला जागा उरत नाही. प्रत्येक कड उघडी पडते. ती अवघी दोनशेच्या आसपास बनली आणि त्यांतली पुष्कळशी जपानमध्ये गेली. पुढे सीकोच्या शिओजिरी इथल्या 'मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओ'तल्या कारागिरांनी द्युफूर यांच्याकडून जेन्शियनच्या काटकीचं तंत्र घेतलं. स्पर्धेत स्विसांना मागे टाकणारे जपानी हातानं पॉलिश करायला एका स्विस कारागिराकडून शिकले आणि त्यानंही हातचं राखलं नाही, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

तिसरा निकष गावाचा. 'स्विस मेड' हे शब्द लिहायचे तर २०१७ पासून घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो, यंत्र स्विस असावं लागतं, आणि जुळणी व अंतिम तपासणी तिथेच व्हावी लागते. आशियात बनलेले सुटे भाग आणून स्विस म्हणून विकण्याच्या भीतीतून ही टक्केवारी वाढली. पण उरलेल्या ४० टक्क्यांत खूप काही मावतं, आणि स्वित्झर्लंडमधले पगार मोठे असल्यानं तिथली जुळणी आणि तपासणीच टक्केवारीचा मोठा हिस्सा भरून काढते. उंची घड्याळापुरता हा निकष किमान पायरीचा आहे, त्याहून जास्त नाही.

जर्मनीतल्या ग्लासहूटचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे गाव हाच खरा मालक आहे. फर्डिनांड आडोल्फ लांगेनं १८४५ मध्ये सॅक्सनीतल्या या गरीब खाणगावात घड्याळकाम आणलं. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारनं १९४८ मध्ये कंपनी ताब्यात घेतली आणि लांगे हे नावच पुसलं गेलं. बर्लिनची भिंत पडल्यावर, ७ डिसेंबर १९९० रोजी, संस्थापकाचे पणतू वॉल्टर लांगे यांनी वयाच्या ६६ व्या वर्षी कंपनी पुन्हा नोंदवली. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी पहिली चार घड्याळं दाखवली आणि स्वित्झर्लंडबाहेरही सर्वोच्च दर्जाचं काम होऊ शकतं हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. लांगेचं प्रत्येक घड्याळ दोनदा जुळवलं जातं: एकदा जुळवून, चालवून, जमलं की पुन्हा पूर्ण सुटं करून, साफ करून, शेवटचं पॉलिश करून परत जुळवायचं. पट्ट्या मुलामा न दिलेल्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यावर बोटाचा ठसा उमटला तर तो कायमचा राहतो, म्हणून तिथे चुकायला जागाच नाही. बॅलन्सच्या वरची पट्टी प्रत्येक घड्याळात हातानं कोरलेली असते. कोरणारे आपापलं काम ओळखतात. इतकं असूनही लांगेला जिनिव्हाचा शिक्का मिळणं शक्य नाही, कारण तो गावाला बांधलेला आहे. २०२२ पासून 'ग्लासहूट' या नावालाही जर्मन कायद्याचं संरक्षण आहे. मुख्य उत्पादनाच्या मूल्याचा निम्मा तरी भाग गावात झाला पाहिजे.

परीक्षा कुणी घ्यायची, हा सगळ्यांत वादाचा प्रश्न. २००९ मध्ये पाटेक फिलिपनं जिनिव्हा सील सोडला आणि स्वतःचा 'पाटेक फिलिप सील' आणला. त्यांचं म्हणणं असं, की जुना शिक्का फक्त यंत्रापुरता आहे. आम्ही केस, तबकडी, काटे, पट्टा, अचूकपणा आणि आयुष्यभराची सेवा या सगळ्याची जबाबदारी घेतो. युक्तिवादात दम होता. इतका, की जिनिव्हानंच पुढे आपले नियम बदलले आणि २०१२ पासून पूर्ण घड्याळ तपासायला सुरुवात केली. आता सात दिवसांत एक मिनिटाहून जास्त चूक चालत नाही, पाणी, साठवलेली ऊर्जा, सगळी कार्यं पाहिली जातात. पण परीक्षार्थीच परीक्षक झाला ही अडचण उरतेच. पाटेकचं काम उत्तम आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही बाहेरच्या डोळ्याला पर्याय नाही असं माझं मत आहे. कंपनी आज सचोटीची आहे. उद्या मालक बदलला, नफ्याची घाई झाली, तर तोच शिक्का तसाच राहील आणि आतलं काम बदलेल.

गियोमच्या फ्लरिए गावानं याचं एक सुरेख उत्तर दिलं होतं. शोपार, पार्मिजियानी, बोव्हे आणि वोशे या कंपन्यांनी मिळून २००४ मध्ये 'कालिते फ्लरिए' हा निकष सुरू केला. सीओएससीचं प्रमाणपत्र हवं, झिजेची प्रवेगक चाचणी हवी, पूर्ण घड्याळ स्वित्झर्लंडमध्ये बनलेलं हवं, हाताची कारागिरी हवी आणि शेवटी मनगटाच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रावर २४ तास चालून शून्य ते ५ सेकंदांच्या आत राहायला हवं. कागदावर याहून परिपूर्ण निकष मी पाहिलेला नाही. पण फार थोडी घड्याळं त्यातून गेली, आणि ग्राहकानं कधी हे नाव ऐकलं नाही. चांगल्या निकषालाही ओळख मिळावी लागते.

वेधशाळांच्या स्पर्धांसारखं काही पुन्हा सुरू करण्याचाही प्रयत्न झाला. २००९ मध्ये ल लॉक्लला अचूकपणाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि जेजर-लकूल्त्रच्या तूर्बियों घड्याळानं ती जिंकली. भाग घेणारे मात्र मोजकेच राहिले. आपले आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशेजारी छापून यावेत, ही तयारी आता फारशी कुणाची नाही. २००१ पासून चालणाऱ्या जिनिव्हाच्या घड्याळ पुरस्कारांना मान मोठा आहे, पण तिथे परीक्षकांची आवड चालते, मोजपट्टी नाही.

तूर्बियोंबद्दल थोडक्यात. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी २६ जून १८०१ रोजी त्याचं पेटंट घेतलं. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळाच्या बॅलन्सवर गुरुत्वाकर्षणाचा एकाच बाजूनं परिणाम होऊ नये म्हणून तो पूर्ण भागच फिरता ठेवायचा, ही कल्पना अफाट होती. मनगट सतत हलतं, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग फार थोडा. आज तूर्बियों आहे म्हणून घड्याळ श्रेष्ठ, असं मानायचं कारण नाही. तो कसा केला आहे एवढंच पाहावं. मिनिट रिपीटरची गोष्ट मात्र निराळी आहे. कळ दाबली की तास, पाव तास आणि मिनिटं घंटेच्या नादात सांगणाऱ्या या घड्याळाचा नाद कुठलंही प्रमाणपत्र मोजू शकत नाही. पाटेकमध्ये प्रत्येक रिपीटर बाहेर पडण्याआधी कंपनीचे अध्यक्ष थिएरी स्टर्न स्वतः ऐकतात आणि नाद आवडला नाही तर घड्याळ परत जातं. तंबोरा लावणाऱ्या कुठल्याही माणसाला यात नवल वाटणार नाही.

किंमत हा निकष नव्हे, हेही स्पष्ट म्हणायला हवं. २०१९ मध्ये जिनिव्हातल्या धर्मादाय लिलावात पाटेकचं एक पोलादी 'ग्रँडमास्टर चाइम' ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. त्यातलं काम असामान्य होतं, पण त्या आकड्यात दुर्मीळपणा आणि दोन श्रीमंतांची जिद्द जास्त होती. लिलावाचा हातोडा चांगल्या घड्याळावर पडतो आणि सामान्य घड्याळावरही तितक्याच जोरात पडतो.

आपल्याकडे स्विस घड्याळं फार जुनी. फाव्र-लूबा एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीचा व्यवसायही त्याच शतकात मुंबईतून उभा राहिला. त्यांचं 'सोवार' भारतात आणि अरबस्तानात घरोघरी पोचलं. धूळ, घाम आणि उकाडा सोसून चालणं, हाच इथल्या ग्राहकाचा निकष होता. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं बंगळुरूला एचएमटीची घड्याळं सुरू झाली, आणि ती उंची कधीच नव्हती. पण तालुक्याच्या गावचा घड्याळजी ती डोळे मिटून उघडायचा आणि सुटा भाग त्याच्या डबीत असायचा. २०१६ मध्ये सरकारनं ती कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तरी आजही ती घड्याळं दुरुस्त होताहेत. २०२५ मध्ये टायटननं जयपूरचे लघुचित्रकार पद्मश्री शाकिर अली यांनी रंगवलेल्या तबकडीचं, उडत्या तूर्बियोंचं 'जलसा' आणलं. भारतीय कारखाना या पंगतीला बसू पाहतो आहे. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचा आयातकर टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. म्हणजे पुण्या-मुंबईत अशी घड्याळं वाढणार. ती दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मला त्यांच्या किमतीहून मोठा वाटतो.

कारण आजच्या बहुतेक शिक्क्यांत नसलेला निकष हाच आहे: शंभर वर्षांनी हे घड्याळ कुणाला उघडून पुन्हा चालू करता येईल का? व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन १७५५ पासूनचं आणि पाटेक १८३९ पासूनचं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करून देतात, आणि ही खरी श्रीमंती आहे. पण तीही कंपनीच्या मर्जीवर आहे. अनेक मोठ्या कंपन्या सुटे भाग स्वतंत्र घड्याळजींना विकत नाहीत. घड्याळ तुमचं, पण ते उघडण्याचा हक्क त्यांचा.

सिलिकॉननं हा प्रश्न धारदार केला आहे. २००१ मध्ये युलिस नार्दँच्या 'फ्रीक'मध्ये ते पहिल्यांदा आलं, २००६ पर्यंत पाटेकनं सिलिकॉनची हेअरस्प्रिंगही आणली. चुंबकाचा त्रास नाही, तेल लागत नाही, उष्णतेनं चाल बदलत नाही. आकार प्रत्येक वेळी तंतोतंत सारखा. अचूकपणाच्या निकषावर ते निर्विवाद पुढे आहे. पण सिलिकॉन वाकवून बसवता येत नाही, तुटलं तर सांधता येत नाही, आणि कुठल्याही घड्याळजीच्या टेबलावर ते बनवता येत नाही. त्याला चिप बनवण्यासारखी प्रयोगशाळा लागते. पोलादी कमान चिमट्यानं वाकवून तिची चाल बसवणारा माणूस आजही सापडतो. २१०० साली त्या विशिष्ट सिलिकॉन चकतीचा आराखडा कुणाकडे असेल? मी सिलिकॉनच्या विरोधात नाही. रोज वापरायच्या घड्याळात ते जरूर असावं. पण जे घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या टिकेल म्हणून विकलं जातं, त्यानं या प्रश्नाचं उत्तर विकतानाच दिलं पाहिजे.

ते देता येतं, याचा पुरावाही आहे. ब्रेगेचं क्रमांक १६० हे घड्याळ, मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये मागवलेलं आणि तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, १८२७ मध्ये पूर्ण झालेलं, १९८३ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं. मूळ घड्याळ हाती नसताना ब्रेगे कंपनीनं जुने आराखडे, नोंदी आणि कागदपत्रं यांवरून त्याची हुबेहूब प्रतिकृती करायला घेतली आणि २००८ मध्ये दाखवली. मूळ घड्याळ २००७ मध्ये सापडलं, पण ते सापडलं नसतं तरी ते पुन्हा जन्माला आलं असतं. दुसरं उदाहरण २०१२ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पाचं: फिलिप द्युफूर, रॉबर्ट ग्रूबेल आणि स्टीफन फोर्सी यांनी मिशेल बूलांजे या घड्याळशिक्षकाला हातानं चालणाऱ्या जुन्या अवजारांवर पूर्ण घड्याळ बनवायला शिकवलं आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवली, जेणेकरून दुसरा कुणी ते पुन्हा करू शकेल. २०२० मध्ये युनेस्कोनं स्विस-फ्रेंच जूरातल्या या कसबाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते अशाच हस्तांतरासाठी.

म्हणून नव्या निकषात माझ्या मते तीन अटी लिहायला हव्यात. घड्याळाच्या प्रत्येक भागाचे आराखडे कंपनीबाहेरच्या एखाद्या संग्रहालयात किंवा प्रयोगशाळेत जमा असावेत. प्रशिक्षित घड्याळजीला, तो जिनिव्हात असो की पुण्यात, सुटे भाग मिळावेत. आणि जो भाग हातानं बनवता येणार नाही, त्याचा साठा किती वर्षांचा आहे हे प्रमाणपत्रावर छापलेलं असावं. जिनिव्हानं आपल्या शिक्क्यासाठी वाकवलेल्या तारेची स्प्रिंग नाकारली होती. सिलिकॉनच्या चकतीबरोबर तिचा आराखडा मागणं त्याहून कठीण नाही.